तुझं चाक खाडीत राहिलं

जीजी,

तोंडाने मी तुला तूच म्हणत आले, तेव्हा कागदावरही तूच लिहिते. माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेचा या घरात फारसा उपयोग झाला नाही. पंचांग वाचायचं, कोणाच्या माहेरचं कार्ड आलं तर ते वाचून दाखवायचं, एवढंच. आता दुपार आहे. दळण झालं, भांडी झाली, घर निजलं आहे. तू असतीस तर या वेळेला आपण दोघी मागच्या दारात तांदूळ निवडत बसलो असतो आणि तूच बोलली असतीस. तू बोलत नाहीस म्हणून मला लिहावं लागतंय.

मला रडू आलेलं नाही. हे आधीच सांगते. तुला नेलं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून, तुझे गुण सांगत, सूर धरून रडल्या. मी भिंतीला पाठ लावून बसले होते. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तोंड उघडून पाहिलं, तरी नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "दख वं, डोयामा एक थेंब नही." दुसरी म्हणाली, "जेठानी गयी, आते किल्ल्या हिन्याच." मी ऐकलं. वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. किल्ल्या अजून तुझ्या खुंटीवरच आहेत, मी हात लावलेला नाही. साखर लागली तर शेजारून मागून आणते.

परवा भाकरी भाजताना हात तव्याला लागला. कळलं नाही. संध्याकाळी फोड दिसला तेव्हा कळलं. शेजारच्या खातूनचाचींनी त्याला तूप लावलं आणि म्हणाल्या, "जलता है?" मी म्हटलं, नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तुझी राख सावडून आणली तेव्हापासून ती मडकी परसातल्या निंबाला टांगली आहे. पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेली. पाणी भरायला जाता-येता मी तिच्याखालून जाते. परवा दहावं. भाऊ ती मडकी प्रकाश्याला तापीवर नेणार आहेत. आपल्या घरातल्या सगळ्यांची राख तिथेच गेली. पण तुला तिथे जायचं नव्हतं. हे तू मला एकटीला सांगितलंस, आणि मी भाऊंशी बोलत नाही.

हे तुला नवीन नाही. भाऊ तुझे धनी, माझे जेठ, थोरले दीर. ते समोर आले की पदर नाकाच्या खाली, आणि जीभ दातांच्या मागे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर एक अक्षर काढलेलं नाही. त्यांना जेवायला वाढायचं तर तू सांगायचीस, "ती इचारी ऱ्हायनी, वरण देऊ का?" मी काही विचारलेलं नसायचं. तू माझ्या वाटचं बोलून टाकायचीस. एकदाच मी त्यांच्यासमोर बोलले. बोलले कसली, ओरडले. त्याच्यावरून आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

आपल्या तळोद्यात गाड्या बनतात, त्यामुळे इथल्या पुरुषांना गाडीचं वेड. कोणाच्या चाकाला धाव कशी बसली आहे, कोणाचा आस वाजतो, यावर ओट्यावर त्यांची अख्खी सकाळ जाते. त्या वर्षी कापूस घरातून गेला, माघात बैल मोकळे झाले, तेव्हा भाऊंनी आणि चाचींच्या नवऱ्याने, गाड्या घडवणाऱ्या हुसेन मिस्तरींनी, ही सोबत काढली. सोबत हेच तिचं नाव पडलं. ज्यांच्याकडे दमणी, बसायची छपराची गाडी, आहे त्यांनी ती जुंपायची, खापर गावावरून गुजराथेत उतरायचं आणि समुद्र लागेपर्यंत जायचं. तिथे दोन दिवस राहून परत यायचं. धर्मशाळेत उतरायचं नाही, कोणाच्या ओट्यावर पथारी टाकायची नाही. पीठ, मीठ, सरपण, कडबा, सगळं आपापल्या गाडीत. गावाकडे मागायचं ते फक्त बैलांना पाणी.

सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी विचारलं, "कोन्ता देव शे तठे?"

भाऊ म्हणाले, "देव नही."

"मंग जत्रा?"

"जत्राबी नही."

"मंग काय कराले जातस?"

"ऱ्हावाले."

सासूबाई म्हणाल्या, "काबरं? आठे तुमले कोनी ऱ्हाऊ देत नही का?"

तू चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होतीस. आणि मग हसू आवरून बाहेर गेलीस आणि भाऊंसमोर उभी राहून म्हणालीस, "समिंदर काय फक्त मानसेसना शे?"

"बायासले घाट झेपाव नही," भाऊ म्हणाले.

"घाट बैल चढतस. बाया बठतीन."

ओट्यावरचे सगळे हसले. हुसेन मिस्तरी सगळ्यात आधी हसले, आणि त्यातच ते अडकले. कारण तू लगेच त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "मंग चाचीलेबी लई ल्या." अशी आपली बायकांची दमणी ठरली. तू, मी आणि खातूनचाची.

चाचींची चूल वेगळी, आपली वेगळी, पण विस्तव एकच असायचा. एकीचं पेटलं की दुसरी निखारा मागायची. खापरचा बाजार मागे पडला तसा तू पदर मागे सारलास, गाडीवानाला मागच्या गाडीत बसायला लावलंस आणि कासरा हातात घेतलास. पुढच्या गाडीतून हे मागे वळून बघत होते, काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. तू ओरडलीस, "पुढे दखा! मागे काय शे?" वाटेत एका सडकेवर समोरून मोटार आली. सगळ्यांचे बैल बुजले. एक गाडी खाचेत गेली. आपले बैल तू आवाजावर धरून ठेवलेस. चाची कलमा पुटपुटत होत्या, आणि मी तुझ्या कमरेला मिठी मारून डोळे मिटले होते. मोटार गेल्यावर तू म्हणालीस, "सोड आते, माले शास घेवाले जागा दे."

समुद्र बघून माझी निराशा झाली होती. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तो निळा होता. इथे तो गढूळ, आपल्या ओढ्याला पूर आल्यासारखा. तू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "हाऊच का तो? इतलं पानी आनी एक घोट पेवाना नही!"

मग ती चाकांची गोष्ट. आता ती आठवताना सगळे हसतात, पण तेव्हा कोणाला काय माहीत होतं? उन्हाने आणि वाऱ्याने चाकाचं लाकूड आटतं. मग त्याच्यावरची लोखंडी धाव सैल होते आणि खडखड वाजायला लागते. तशीच गाडी हाकली तर धाव निघून पडते. म्हणून आपल्याकडे मुक्कामाला नदी लागली की चाकं काढून पाण्यात आडवी घालायची, वर दगड ठेवायचे. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सकाळी धाव घट्ट बसलेली असते. हे आपल्याला जेवणाखाण्यासारखं माहीत. आपल्या दमणीची धाव दिवसभर वाजत होती. खाडीच्या काठापासून बरंच आतपर्यंत पाणी गुडघाभर, संथ. तू म्हणालीस, "टाका चाकं." मिस्तरी म्हणाले, खारं पाणी लोखंड खातं. तू म्हणालीस, एका रात्रीत किती खाईल? भाऊंना तुझं पटलं. दोन्ही चाकं पाण्यात घातली, वर दगड ठेवले, आणि आपण जेवून निजलो. आपल्यातल्या कोणीही त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. नदीत चाकं घालून बघितलेली माणसं आपण. पाणी रात्रीत निघून जाईल, असं कधी वाटलंच नव्हतं.

सकाळी भाऊंच्या आवाजाने जाग आली.

"समिंदर गया!"

खरंच गेला होता. जिथे काल पाणी होतं तिथे चिखल, चिखल, आणि दूर कुठे तरी एक रेघ. हे म्हणाले, "कोनी लई गया?" तू म्हणालीस, "आपली चाकं शेतस ना? मंग जाऊ दे त्याले."

चाकं होती. दूर, चिखलात अर्धी बुडालेली, दोन पाट्या पालथ्या घातल्यासारखी दिसत होती. पुरुष दोर घेऊन एका चाकाकडे गेले. तू थांबली नाहीस. मन्ही गाडी, मन्हं चाक, म्हणत दुसऱ्या चाकाकडे निघालीस. मी काठावर कोरड्यात उभी होते. पुरुषांच्या इतकं जवळ मी कशी जाणार? तू आधी घोट्यापर्यंत रुतलीस, मग गुडघ्यापर्यंत. चाकापाशी पोचलीस तेव्हा मांड्यांपर्यंत. आणि माझ्याकडे तोंड करून हसत ओरडलीस, "दख वं, माले कोनी पेरी दिन्हं!"

मीही हसले. आणि हसता हसता मला तुझ्या मागे ती रेघ दिसली. ती आता रेघ नव्हती. कोणी अंथरुणावर चादर ओढत आणावी तसं पाणी येत होतं, आवाज न करता. पुरुषांची पाठ तिकडे होती, ते चाकाला दोर बांधत होते. तुझीही पाठ तिकडे होती. बघणारी मी एकटी. आणि भाऊ समोर होते.

जीजी, मला अजून कळत नाही मी किती वेळ गप्प उभी होते. तोंड उघडलं होतं, आवाज नव्हता. आत्ता जसं होतं आहे, तसंच. मग तो आला. कुठून आला माहीत नाही.

"जीजी! पानी उनं!"

सगळे वळले. भाऊंनी पाण्याकडे पाहिलं नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. मग धावाधाव झाली. मिस्तरींनी दमणीच्या छपराच्या तट्ट्या उपसल्या आणि चिखलावर टाकल्या, भाऊ त्यांच्यावर पोटावर सरकत तुझ्यापर्यंत गेले आणि दोर तुझ्या काखेखालून घातला. आणि तू चाकाचे आरे धरून बसली होतीस. भाऊ ओरडत होते, "चाक सोड! अवं, चाक सोड!" तू सोडत नव्हतीस. पाणी तुझ्या लुगड्याला लागलं होतं. मी दुसऱ्यांदा ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तेव्हा तू सोडलंस.

पुरुषांचं चाक निघालं, तुझं तिथेच राहिलं. पुढच्या ओहोटीला पुरुषांनी बांबू खुपसून पाहिलं, पण ते आणखी खाली गेलं होतं. मिस्तरींनी दमणीच्या एका बाजूला बाभळीचा ओंडका बांधला आणि आपण तशी फरफटत पुढच्या गावापर्यंत गेलो, तिथे एका सुताराच्या दारात बसून त्यांनी नवं चाक केलं. पण त्याआधीचे दोन दिवस आपण त्या खाडीवर होतो. तिथे करायला काहीच नव्हतं. तू वाळलेल्या चिखलाने माखलेली, चाचींनी तुझं लुगडं गोड्या पाण्यात धुवायचं नाही म्हणून ठेवलेलं, कारण पाणी मोजून आणलेलं. तू चाचींचा जुना घागरा नेसून चुलीपाशी बसली होतीस. भाऊ पाठमोरे बैलांना कडबा टाकत होते. पाठमोरेच तुला म्हणाले, "तुन्ही देरानीना आवाज चांगला शे."

मी पदर आणखी खाली ओढला. तू मोठ्याने हसलीस.

घरी आल्यावर मी पुन्हा गप्प. आणि आपला वाद सुरू झाला.

"एक डाव बोलनी ना? मंग आते काय व्हयनं?"

मी म्हणायचे, तेव्हा पाणी येत होतं. घरात कुठे पाणी येतंय?

तू म्हणायचीस, "घरमाबी येस. तुले दखास नही."

मला वाटायचं तू चिडवते आहेस. सासूबाईंच्या मागे घराची सगळी बोलणी तूच करत होतीस. कोणाला किती वाढायचं, कोणाला उंबऱ्यात थांबवायचं, माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात भाऊंना कोणती गोष्ट कशी सांगायची. मी तुझ्या मागे उभी राहायचे. मागे उभं राहायला जागा होती तोवर मला काही दिसलं नाही.

दर माघात सोबत निघत राहिली. आपण भरती-ओहोटी शिकलो. खाडीकाठच्या कोळणींकडून तू चंद्र बघून पाणी ओळखायला शिकलीस आणि भाऊंना शिकवायला लागलीस. आणि दर वर्षी त्या जागेवर उभी राहून हात कपाळाला लावून बघायचीस. "मन्हं चाक शे तठे." जणू माहेरी ठेवलेली वस्तू आहे.

मागच्या माघात आपण दोघी वाळूने भांडी घासत होतो. पाणी चढत होतं. तू तवा तसाच हातात धरून म्हणालीस, "आपन जनमभर पानी आनतस. नदीवरतीन, हिरीवरतीन. आठे पानीच घर येस आनी परत जास. कोनी आनाले जात नही." मग म्हणालीस, "मन्ही राख आठेच टाकज्यात. प्रकाश्याले पानी एकच बाजूले जास. आठे परत येस. आनी मन्हं चाकबी आठेच शे."

मी म्हणाले, असलं बोलू नकोस. तू तवा माझ्या अंगावर वाळूसकट झटकलास आणि उठलीस.

थट्टेत म्हणालीस का खरं, हे विचारायचं राहिलं. तापात शेवटी शेवटी तू बोलत नव्हतीस. मी तुझ्या पायाशी बसून होते. विचारता आलं असतं. मान हलवली असतीस. पण राखेचं विचारायचं म्हणजे तू जाणार हे कबूल करायचं. आणि भाऊ उशाशी होते.

काल रात्री जेवताना यांना सांगून पाहिलं. हे भावासारखे नाहीत, कोणाचं मन मोडायला घाबरतात. म्हणाले, "भाऊ आते कसा शे ते तू दखस ना? समिंदर काय वाटवर शे? मी नही सांगत." मग म्हणाले, "तुन्हा कानमा सांगेल शे ना तिनी? तूच सांग." त्यांना माहीत होतं मला सांगता येणार नाही, म्हणून ते तसं म्हणाले. मग पाण्याचा तांब्या घेऊन उठले.

आज सकाळी चाची आल्या. त्या रोज येतात, मागच्या दारात बसतात, तुझ्या तांदळाच्या सुपाशी. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही मिस्तरींना सांगा, ते भाऊंना सांगतील. त्यांनी सुपातला खडा काढून बाहेर फेकला आणि म्हणाल्या, "मैं बोलूं तो पराया मुंह, बेटी. घर की बात घर के मुंह से." मी म्हटलं, मला आवाजच फुटत नाही, रडायलासुद्धा फुटला नाही. त्या म्हणाल्या, "ना सही. आंख अपनी मर्जी की होती है. जबान को तो कहना पड़ता है."

इथे थांबते. धाकटा जावई उठला, चहा मागतो आहे.

*

काल इथवर लिहिलं होतं. आज पुन्हा बसले आहे. आज झालं ते लिहिते. जसं झालं तसंच.

सकाळी परसात भाऊ आणि मिस्तरी होते. प्रकाश्याला जायची तयारी. दमणीची चाकं काढून बैलांच्या हौदात भिजत घातली होती ती बाहेर काढली होती. तीच दमणी, आपली. मिस्तरी धावेवर हातोडीने हळू ठोकून कान लावून ऐकत होते. भाऊ माझ्याकडे पाठ करून कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. त्यांची पाठ बारीक झाली आहे, जीजी. सदरा खांद्यावरून ओघळतो.

मी दारात उभी राहिले. कडीला हात धरला. पदर नाकाखाली. चाची माझ्या मागे बसल्या होत्या, पण त्या सुपातच बघत होत्या.

पहिल्यांदा आवाज आला नाही.

मग आला, पण इतका बारीक की मलाच ऐकू आला नाही. "प्रकाश्याले नही," असं मी म्हटलं. भाऊ पेंढी बांधतच राहिले. मिस्तरींची हातोडी चालूच होती.

मला वाटलं, आता परत फिरावं. तेवढ्यात वर निंबाला मडकी हलली. वारा होता. दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "प्रकाश्याले नही. जीजीनी सांगेल शे. समिंदरले."

हातोडी थांबली. मिस्तरींनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. भाऊ वळले नाहीत. पेंढीचा दोर हातात तसाच राहिला. ते मिस्तरींना म्हणाले, "कोन बोलनं?"

मिस्तरींनी हातोडी खाली ठेवली.

भाऊ म्हणाले, "हाऊ आवाज मी आयकेल शे. खाडीवर."

मग ते निंबाकडे तोंड करून, जणू मडकीलाच विचारावं तसं म्हणाले, "काय सांगे ती?"

मी सगळं सांगितलं. तू वापरलेस तेच शब्द. आपण जन्मभर पाणी आणतो. तिथे पाणी आपणहून येतं. प्रकाश्याला पाणी एकाच बाजूला जातं, तिथलं परत येतं. चाकाचंही सांगितलं. माझा आवाज एकसारखा होता, पाढे म्हणताना असतो तसा. वर खाली झाला नाही. मला वाटलं, रडू येईल. नाही आलं.

भाऊ खाली बसले, कडब्यावरच. मग मिस्तरींना म्हणाले, "मिस्तरी, इतल्या लांब हाई धाव टिकी का?"

"भिगोना पड़ेगा भाऊ. हर मुकाम पे."

"खाडीमा नही पन."

मिस्तरी हसले का, ते मला दिसलं नाही. भाऊंची पाठ हलली. तेही हसले का रडले, ते पाठीवरून कळत नाही.

मग त्यांनी पेंढी पुन्हा बांधायला घेतली आणि म्हणाले, "दहावं प्रकाश्याले व्हई. ते करनं पडस. मडकी निंबलेच ऱ्हाऊ द्या, माघ लगून." आणि अजून माझ्याकडे पाठ करूनच, "मडकी मांडीवर कोन धरी? गाडीमा बाई मानूस लागी."

मागून चाची म्हणाल्या, "दो लगेंगी भाऊ."

एवढंच झालं. मी आत आले, डाळ चढवली. काही सुटलं, मोकळं झालं, असं वाटायला हवं होतं. तसंही काही वाटलं नाही. फक्त तव्याला हात लागला तेव्हा या वेळी चटका कळला.

किल्ल्या अजून खुंटीवर आहेत. आज भाऊ जेवायला बसले. वाढायला मी होते. मी वरणाचं पातेलं घेऊन उभी राहिले आणि तुझी वाट बघत राहिले, तू म्हणशील, "ती इचारी ऱ्हायनी." मग मी विचारलं, "वरण देऊ का?" भाऊंनी ताट पुढे केलं. जीजी, वादात तू जिंकलीस. हे तुला सांगायला कोणी नाही म्हणून इथे लिहिलं.

आता माघात निघू. कासरा मी धरणार नाही, मला तो जमायचा नाही, गाडीवानच धरेल. खापर मागे पडलं की चाची पदर मागे सारतील आणि मीही सारीन, एवढं ठरवलं आहे. खाडीवर पोचलो की आधी कोळणींना पाणी विचारू. ओहोटी बघून, तट्ट्या टाकून, भाऊ मडकी घेऊन पुढे जातील, जिथे तुझं चाक आहे तिथपर्यंत. ते बरोबर जागा काढतील. दर वर्षी तू त्यांना दाखवलीस, तेव्हा ते दुसरीकडे बघितल्यासारखं करायचे, पण बघत होते.

मी काठावर कोरड्यात उभी राहीन. आधीसारखीच. भाऊ परत येतील, चिखलात नुसती राख राहील आणि मागे ती रेघ दिसेल. सगळ्यांच्या आधी मलाच दिसेल. ती जवळ येईल, चादर ओढल्यासारखी, आवाज न करता.

या वेळी मी हाक मारणार नाही.